नीलचं गाणं रिची गातो

ग्रुप फोटो बघताना माझी नजर आधी कडेच्या माणसावर जाते. लग्नाचा अल्बम असो नाहीतर बँडच्या रेकॉर्डचं कव्हर. कारण कॉलेजात आमचाही एक बँड होता (नाव विचारू नका, आता लाज वाटते) आणि त्यात मी रिदम गिटारवर होतो. म्हणजे सोलो वाजवणारा मित्र डोळे मिटून तल्लीन झालेला असताना मागे उभं राहून चार कॉर्ड घासत राहायच्या आणि कोरस आला की तोंड उघडायचं. तर बफेलो स्प्रिंगफील्ड ह्या साठच्या दशकातल्या अमेरिकेतल्या बँडबद्दल लोक बोलायला लागले की त्यातला स्टीफन स्टिल्स भारी का नील यंग भारी ह्यावर गाडी जाते, आणि मी आपला तिसऱ्याच्या बाजूने. रिची फ्युरे, त्यांचा रिदम गिटारवाला आणि गायक. बऱ्याच जणांनी नावही ऐकलेलं नसतं, त्यात त्यांची चूक नाही.

हा बँड जेमतेम २५ महिने टिकला. एप्रिल १९६६ ते मे १९६८, तीन अल्बम, आणि अमेरिकेच्या टॉप टेनमध्ये गेलेलं गाणं फक्त एक. एवढ्यावर दुसरा कुठलाही बँड जुन्या बाजारातल्या खोक्यात जाऊन पडला असता.

सुरुवात न्यूयॉर्कमधून करावी लागते. ग्रीनविच व्हिलेजमध्ये कॅफे ओ गो गो नावाची जागा होती, तिथे गाणाऱ्या नऊ जणांच्या ग्रुपमध्ये स्टिल्स आणि रिची दोघे होते, स्वच्छ कपडे, नीट विंचरलेले केस, फोकची सभ्य गाणी. तो ग्रुप मोडला, त्यातल्या काहींनी दुसरं नाव घेऊन कॅनडाचा दौरा केला, आणि १९६५ मध्ये ऑन्टारिओतल्या फोर्ट विल्यम गावात (आताचं थंडर बे) स्टिल्सला एक किडकिडीत मुलगा भेटला जो फोकची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होता. तो नील. दोघांचं जमलं, परत भेटू म्हणाले आणि आपापल्या वाटेने गेले. पुढे नील स्टिल्सला शोधत न्यूयॉर्कला आला, तर स्टिल्स तिथे नव्हताच. भेटला रिची.

आणि इथे ती गोष्ट घडली जी मला सगळ्यात जास्त आवडते. नीलने रिचीला आपलं एक गाणं शिकवलं, 'नाऊअडेज क्लॅन्सी कान्ट इव्हन सिंग'. विचित्र गाणं आहे, ताल मधेच बदलतो, क्लॅन्सी कोण ते धड कळत नाही, शब्द कोड्यासारखे. रिचीने ते घेतलं, पाठ केलं आणि स्वतःच गायला लागला. म्हणजे बँड नाही, रेकॉर्ड नाही, नील परत कॅनडात, आणि इकडे एक माणूस एका जवळजवळ अनोळखी पोराचं गाणं आपलं असल्यासारखं गातोय. मी अशी किती गाणी लोकांची ऐकून "मस्त आहे रे" म्हणून सोडून दिलीत.

मग रिची कनेक्टिकटमधल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या कारखान्यात कामाला लागला. विमानाची इंजिनं बनवणारी कंपनी, सुरक्षित नोकरी. तिकडे स्टिल्स लॉस एंजेलिसला पोचला होता आणि त्याने रिचीला कळवलं की ये, बँड तयार आहे, फक्त एक गायक कमी आहे. रिची नोकरी सोडून देशाच्या ह्या टोकावरून त्या टोकाला गेला. जाऊन बघतो तर बँड म्हणजे स्टिल्स. बास नाही, ड्रम नाही, कोणीच नाही. आपण असतो तर तिथल्या तिथे दोन शिव्या घालून परतीचं तिकीट काढलं असतं. हा थांबला. दोघे मिळून गाणी बसवायला लागले, स्टिल्सची गाणी, आणि रिचीला येत होतं म्हणून ते क्लॅन्सीपण.

तिकडे नीलचं वेगळंच चाललं होतं. टोरोंटोमध्ये बासवाला ब्रूस पामर भेटला आणि त्याच्या ओळखीने नील 'मायना बर्ड्स' नावाच्या बँडमध्ये गेला. मायना म्हणजे आपली मैना, शब्द इथूनच तिकडे गेलाय. ह्या मैनांचा गायक होता रिक जेम्स, पुढे फंकमध्ये मोठं नाव झालेला, आणि त्यांना चक्क डेट्रॉइटच्या मोटाउनने, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतासाठी गाजलेल्या रेकॉर्ड कंपनीने, घेतलं होतं. नील यंग मोटाउनवर! पण रिक जेम्स अमेरिकन नेव्हीतून पळालेला निघाला, त्याला अटक झाली, रेकॉर्डिंग बंद. नील आणि पामरने बँडचं सामान गहाण टाकलं आणि त्या पैशातून एक १९५३ ची पाँटियॅक घेतली. साधी गाडी नाही, शववाहिका. नीलला शववाहिकेचा नादच होता, आधीची एक ऑन्टारिओतच रस्त्यात मेली होती (शववाहिका मेली, हे वाक्य मला कधीतरी लिहायचंच होतं). कारण अगदी प्रॅक्टिकल: मागे भरपूर जागा, सामान सरकवायला खाली रोलर असलेला ट्रे, आणि खिडक्यांना पडदे. आमच्या आजीने असल्या गाडीत बसणाऱ्याला दारातून आत घेतलं नसतं. ही गाडी घेऊन ते दोघे लॉस एंजेलिसला आले, स्टिल्स कुठे आहे माहीत नाही, शोधशोध शोधला, सापडला नाही, आणि वैतागून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले.

१९६६ च्या एप्रिलचा पहिला आठवडा, सनसेट बुलेव्हार्डवर ट्रॅफिक तुंबलेलं, एका व्हॅनमध्ये स्टिल्स, रिची आणि त्यांचा मित्र बॅरी फ्रीडमन. समोरून उलट्या दिशेने एक काळी शववाहिका, नंबरप्लेट ऑन्टारिओची. आधी कुणाला दिसली ह्यावर ती मंडळी आजपर्यंत वेगवेगळं सांगत आलीत, पण गाडी वळवली, हॉर्न वाजवले, ओरडले आणि थांबवलं. रॉकच्या इतिहासात हा ट्रॅफिक जॅम इतक्या वेळा सांगितला गेलाय की त्याची पार दंतकथा झालीय, जो तो योगायोग योगायोग करतो. मान्य, योगायोग आहेच. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: सगळे फ्रीडमनच्या घरी गेले आणि तिथे स्टिल्स आणि रिचीने नीलला त्याचंच क्लॅन्सी ऐकवलं, तयार, बसवलेलं, दोन आवाजात. वीस वर्षांचा मुलगा, खिशात पैसे नाहीत, देशात राहायचे कागद नाहीत, आणि एका परक्या शहरात त्याला आपलं गाणं कोणीतरी गात असलेलं ऐकू येतं. तो थांबला ह्यात मला काही नवल वाटत नाही.

ड्रमर म्हणून ड्यूई मार्टिन आला, तो आधी डिलर्ड्स ह्या ब्लूग्रासवाल्यांबरोबर वाजवायचा. तोही कॅनडाचाच. म्हणजे ज्याला आपण अमेरिकन फोक रॉकचा नमुना म्हणतो त्या बँडमधले पाचातले तीन कॅनेडियन. नाव सापडलं रस्त्यावर. घराबाहेर रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथे एक रोड रोलर उभा होता, त्यावर कंपनीची पाटी: बफेलो-स्प्रिंगफील्ड. पाटी काढून घरात भिंतीवर लावली, झालं बारसं. आता गंमत बघा, ही रोलरची कंपनी ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावची, आणि रिचीचं गाव यलो स्प्रिंग्ज तिथून जवळच. बिचारा अख्खा देश ओलांडून आला आणि बँडला नाव मिळालं ते शेजारच्या गावच्या डांबरी रोलरचं.

आठवडाही झाला नव्हता आणि ११ एप्रिलला ट्रूबाडूर क्लबमध्ये पहिला कार्यक्रम. मग बर्ड्स ह्या त्यावेळच्या मोठ्या बँडबरोबर छोटा दौरा, आणि त्यांच्या ख्रिस हिलमनच्या शब्दावर व्हिस्की अ गो गो ह्या क्लबमध्ये मे-जूनमध्ये सलग सहा-सात आठवडे. स्टिल्स डोक्यावर काउबॉय हॅट घालून, नील झालरवाल्या जाकिटात, पामर प्रेक्षकांकडे पाठ करून. मधे रिची. बँडमधले सगळे नंतर एकच सांगत आलेत, की आम्ही सगळ्यात चांगलं वाजवलं ते तिथे, रेकॉर्डवर ते कधी आलंच नाही. जुलैमध्ये हॉलिवूड बोल ह्या मोठ्या खुल्या रंगमंचावर रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवलं. बँड तीन महिन्यांचा होता तेव्हा!

पहिला अल्बम त्याच वर्षी आला. मॅनेजर ग्रीन आणि स्टोन हेच प्रोड्यूसर होऊन बसले, त्यांना स्टुडिओतलं फारसं कळत नव्हतं, मुलांना आवाज आवडला नाही, परत रेकॉर्ड करू म्हणाले तर वेळ नाही म्हणून उडवून लावलं. तो अल्बम ऐकताना खरंच जरा डब्यात वाजतंय असं वाटतं. बारा गाणी: सात स्टिल्सची, पाच नीलची, रिचीचं एकही नाही. पण नीलच्या पाचातली तीन गायलीत रिचीने. कारण नीलचा आवाज तेव्हा लोकांना चमत्कारिक वाटायचा, पातळ, थरथरता, नाकातला, आणि रिचीचा आवाज गोड, स्वच्छ, रेडिओला चालणारा. पहिला सिंगलसुद्धा क्लॅन्सीच. लॉस एंजेलिसच्या बाहेर तो कोणी फारसा विचारला नाही. पण ऐका एकदा, गाणं नीलच्या डोक्यातलं आहे, तिरकं, दुखरं, आणि आवाज मात्र एका सरळ मनाच्या माणसाचा. ह्या दोन गोष्टींचं जे घर्षण आहे ना, मला तरी नीलने पुढे एकट्याने गायलेल्या त्याच्या कित्येक गाण्यांपेक्षा हे जास्त आवडतं. नीलचे भक्त मला मारतील, मारू देत.

आता ते एक हिट गाणं. १२ नोव्हेंबर १९६६, सनसेट स्ट्रिपवर पोरांची गर्दी होते म्हणून दुकानदार आणि रहिवासी वैतागलेले, अठराच्या खालच्यांना रात्री दहानंतर बाहेर फिरायला बंदी, आणि पँडोराज बॉक्स नावाचा छोटा क्लब बंद पाडायचं चाललेलं. त्याच्यासमोर शेकडो पोरं जमली, पोलीस आले, पुढे जे व्हायचं ते झालं. (त्याच दिवशी नील एकवीस वर्षांचा झाला, उगाच सांगून ठेवतो.) स्टिल्सने गाणं लिहिलं, ५ डिसेंबरला रेकॉर्ड झालं आणि मार्च १९६७ मध्ये सातव्या नंबरपर्यंत चढलं. 'फॉर व्हॉट इट्स वर्थ' हे शब्द अख्ख्या गाण्यात कुठेच नाहीत. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या, अटलांटिकच्या, अहमेट एर्टेगनला ऐकवताना स्टिल्स म्हणाला होता की एक गाणं आहे, बघा काय लायकीचं वाटतं ते, तेच नाव झालं. पहिल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत एक गाणं काढून हे घुसडलं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं एका हॉलिवूड पिक्चरमध्ये, व्हिएतनामच्या सीनखाली, आणि पुढची दहा वर्षं मला ते युद्धाविरुद्धचंच गाणं वाटत होतं. बहुतेकांना वाटतं. खरं तर ते क्लबबाहेरच्या पोरांचं आणि पोलिसांचं. गाण्याची ताकद त्यात आहे की ते कुणावर ओरडत नाही, दोन कॉर्डवर हळूहळू पुढे सरकतं आणि वर नीलच्या गिटारचे ते दोन घंटेसारखे सूर, टिंग... टिंग, कुठेतरी लांब काहीतरी वाईट होणार असल्यासारखे. आमच्या बँडने हे वाजवायचा प्रयत्न केला होता. कॉर्ड माझ्या, सोपं. ते दोन सूर मित्राचे. त्याला दोनच सूर वाजवून गप्प बसणं काही जमलं नाही, तो तिसऱ्या ओळीपासून सुसाट सुटायचा. तिथे मला कळलं नीलने काय केलंय ते.

काही वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला मामेभावाकडे गेलो होतो तेव्हा हट्टाने त्याला सनसेट आणि क्रेसेंट हाइट्सच्या चौकात घेऊन गेलो. पँडोराज बॉक्स १९६७ मध्येच पाडलं. आता तिथे रस्त्याच्या मधला तुकडा, बाकी सिग्नल आणि गाड्या. भाऊ म्हणाला, "अरे पण इथे बघायचं काय आहे?" मी म्हटलं, काही नाही, हेच.

गाणं वर चढत होतं आणि बँड खालून उसवत होता. जानेवारी १९६७ मध्ये पामरला गांजा बाळगल्याबद्दल पकडून कॅनडाला धाडलं. त्याच्या जागी एक आला, दुसरा आला, एका टीव्ही कार्यक्रमात तर बासवाला नाही म्हणून बँडच्या मॅनेजमेंटमधल्या एका माणसाच्या हातात बास देऊन त्याला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं. पामर नाहीतरी पाठच दाखवायचा, कोणाला कळतंय. पामर परत आला तोवर जूनमध्ये नील बँड सोडून गेला, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हल ह्या मोठ्या महोत्सवाच्या तोंडावर. त्याला फिट्स यायच्या, गर्दी सोसायची नाही, स्टिल्सशी गिटारवरून रोज वाजायचं, म्हणजे भांडण. कारणं होती. पण मॉन्टेरे! १८ जूनला बाकीचे नीलशिवाय उभे राहिले, एक गिटारवाला उसना घेतलेला, आणि बर्ड्सचा डेव्हिड क्रॉस्बी मदतीला. स्टिल्स आणि क्रॉस्बी एका स्टेजवर, पुढच्या कहाणीचं बी तिथे पडलं. उन्हाळा संपता संपता नील परत आला.

ह्या येण्याजाण्याच्या गोंधळात दुसरा अल्बम झाला आणि तो त्यांचा सगळ्यात चांगला आहे ह्यावर बहुधा सगळ्यांचं एकमत. पण तो एका बँडचा अल्बम आहे का, हा प्रश्नच आहे. नीलचं 'एक्स्पेक्टिंग टू फ्लाय' त्याने जॅक नित्शे ह्या संगीत संयोजकाबरोबर बाकीच्यांना न घेताच केलं, तंतुवाद्यांच्या ढगात तरंगणारं गाणं. स्टिल्सची गाणी स्टिल्सची. आणि आता रिचीची स्वतःची तीन. त्यातलं 'अ चाइल्ड्स क्लेम टू फेम' हे नीलवरच आहे, त्याच्या सारखं सोडून जाण्यावर वैतागून लिहिलेलं. वैताग असा, की ऐकताना पाय ठेका धरतो, डोब्रो (एक प्रकारची गिटार) काय मस्त वाजलाय जेम्स बर्टनचा. रागावलेल्या माणसानं इतकं गोड गाऊ नये, समोरच्याला लागणार कसं?

१९६८ च्या जानेवारीत पामर दुसऱ्यांदा हद्दपार. त्याच्या जागी जिम मसिना, हा मूळचा रेकॉर्डिंग इंजिनियर. मार्चमध्ये टोपांगा कॅन्यनमधल्या एका घरात पोलीस आले आणि नील, रिची, मसिना आणि त्या दिवशी तिथे असलेला एरिक क्लॅप्टन, सगळे आत. ५ मे ला लाँग बीचला शेवटचा कार्यक्रम. संपलं.

पण कंपनीला अजून एक अल्बम द्यायचा होता. स्टिल्स निघालेला, नील तर मनाने कधीच गेलेला. मग टेपांचा तो ढिगारा घेऊन कोण बसलं? मसिना आणि रिची. लग्न लागून वऱ्हाड गेलं की मांडवात खुर्च्या मोजायला जे दोघे मागे राहतात, तसे. ह्याचं इथून, त्याचं तिथून, असं जोडत त्यांनी तो तिसरा अल्बम उभा केला, जुलैमध्ये आला. कव्हरवर सगळे चेहरे एका बाजूला बघतायत आणि नील उलट्या दिशेला. अल्बमचं पहिलं गाणं 'ऑन द वे होम'. लिहिलंय नीलने. गायलंय रिचीने.

मी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा कव्हर हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. पहिला सिंगल नीलचा, आवाज रिचीचा. शेवटच्या रेकॉर्डचं पहिलं गाणं नीलचं, आवाज रिचीचा. मधल्या दोन वर्षांत नील गेला काय, आला काय, रिचीने त्याच्यावर गाणं लिहून राग काढला काय, पण गाणं चांगलं आहे म्हटल्यावर गायलं. आणि नुसतं गायलं नाही, काय गायलंय. त्याच अल्बमच्या शेवटी रिचीचं स्वतःचं 'काइंड वुमन' आहे, बायकोसाठी लिहिलेलं. त्यात स्टील गिटार वाजवायला रस्टी यंग आला, आणि त्या ओळखीतून रिची, मसिना आणि रस्टीचा पोको हा नवीन बँड निघाला. कंट्री आणि रॉक एकत्र मिसळायचं काम पोकोने बऱ्याच आधी केलं, त्याचे पैसे पुढे दुसऱ्यांनी कमावले, तो वेगळा विषय आहे आणि माझं ब्लडप्रेशर वाढवणारा आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. स्टिल्सने क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅशबरोबर नवा बँड काढला, मग नीलही तिथे जाऊन मिळाला, भांडला, निघाला, परत आला. मसिनाने केनी लॉगिन्सबरोबर जोडी जमवली. रिची पोकोतूनही बाहेर पडला आणि पुढे कोलोरॅडोत चर्चचा पाद्री झाला, वर्षानुवर्षं तेच काम. १९९७ मध्ये क्लीव्हलंडला बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा नील समारंभाला आलाच नाही. पामर २००४ मध्ये गेला, ड्यूई २००९ मध्ये.

उरले तिघे. ऑक्टोबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियात नीलच्या ब्रिज स्कूलच्या मदत कार्यक्रमात ते ४२ वर्षांनी एकत्र उभे राहिले, आणि २०११ च्या जूनमध्ये आणखी काही कार्यक्रम. त्याच्या प्रेक्षकांनी काढलेल्या हलत्या क्लिप्स मी रात्री फोनवर बघत बसतो. स्टिल्सचा आवाज बसलाय, नील हॅटखाली वाकून गिटारशी झटापट करतोय, आणि साठी ओलांडलेला हा पाद्री सगळ्यात टवटवीत. सुरुवात 'ऑन द वे होम'ने. मग थोड्या वेळाने 'अ चाइल्ड्स क्लेम टू फेम', म्हणजे ज्याच्यावर चिडून लिहिलं त्याच्याच शेजारी उभं राहून रिची ते गातो, ४४ वर्षांनी, आणि नील शेजारी निवांत वाजवतोय.

२०१२ मध्ये मोठा दौरा करायचं ठरत होतं. तो झाला नाही. नील त्याच्या दुसऱ्या बँडबरोबर निघून गेला.